विंडोज अपडेट प्रोसेसर खातंय? आधी नेमकं कोण खातंय ते पाहा

संगणक नुकताच सुरू केलाय, एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, तरी पंखा घोंघावतोय, माऊस अडखळतोय आणि टास्क मॅनेजरच्या यादीत ‘सर्व्हिस होस्ट: विंडोज अपडेट’ किंवा ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ सगळ्यात वर बसलंय. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट एंड टास्ककडे जातो, आणि पुढच्या दहा मिनिटांत अपडेट कायमचं बंद करायची युक्ती शोधली जाते. यातली पहिली गोष्ट धोक्याची आणि दुसरी व्यर्थ. खाली दिलेला क्रम विंडोज १० आणि ११ साठी आहे, सगळ्यात सौम्य उपायापासून सुरू होणारा. बहुतेक मशिनं तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच शांत होतात, त्यामुळे शेवटचा उपाय आधी करायची घाई नको. विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा सल्ला आहे.

तपासायला एवढी ताकद का लागते

फाइल उतरवून घेण्यात प्रोसेसरचं फारसं काही जात नाही. ते काम नेटवर्कचं. ताकद लागते ती हिशेबाला. सर्व्हरकडून आलेल्या प्रत्येक अपडेटसोबत नियमांचं एक बाड येतं: हे या मशिनला लागू आहे का, आधीच बसलेलं आहे का, आणि याच्यानंतर आलेल्या एखाद्या अपडेटने याला मोडीत काढलंय का. तिसरा प्रश्न सगळ्यात महागडा. २०१३च्या उत्तरार्धात विंडोज एक्सपीची हजारो मशिनं याच प्रश्नापायी तासन्‌तास १०० टक्क्यांवर अडकत होती. इंटरनेट एक्सप्लोररची दर महिन्याची अपडेटं एकमेकांना मोडीत काढत आली होती, ती साखळी वर्षानुवर्षं वाढत गेली आणि प्रत्येक नव्या कडीबरोबर हिशेबाचा वेळ बेसुमार फुगला. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१४ मध्ये त्यातल्या जुन्या कड्या सर्व्हरवरूनच काढल्या तेव्हा कुठे मशिनं मोकळी झाली. विंडोज ७ वर २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच घडलं.

विंडोज १० पासून महिन्याचं अपडेट एकत्रित असतं, म्हणजे ताज्या अपडेटमध्ये मागचं सगळं आलेलं असतं. त्यामुळे तपासणीचा भार हलका झाला, पण बसवण्याचा वाढला. अपडेट दाबलेल्या, फक्त फरकापुरत्या तुकड्यांच्या रूपात येतं. हे तुकडे उलगडायचे, आधीच्या फाइलशी जोडायचे, प्रत्येक फाइलचा हॅश (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) पडताळायचा आणि विनएसएक्सएस नावाच्या कोठारात नीट लावायचं, हे सगळं विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर करतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये तो ‘टीआयवर्कर’ नावाने दिसतो. आपण ज्याला ‘अपडेट चेक करतंय’ म्हणतो, ते बऱ्याचदा याचं काम असतं.

पायरी १: गुन्हेगार ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. प्रोसेसेस टॅबमध्ये ‘सीपीयू’ या मथळ्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. तो ‘सर्व्हिस होस्ट’ असेल तर शेजारचा बाण उघडून आत कोणती सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) आहे ते पाहा. साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशिनवर विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र होस्ट मिळतो, त्यामुळे नाव सरळ दिसतं. दोन जीबीच्या जुन्या मशिनवर मात्र एकाच होस्टमध्ये अनेक सर्व्हिस कोंबलेल्या असतात. तिथे दोष विंडोज अपडेटचाच आहे असं समजू नका: सर्व्हिसेस उघडून विंडोज अपडेट थांबवा आणि एक मिनिट आकडा बघा. उतरला तरच तो दोषी.

कोणतं नाव वर आहे यावर पुढचं सगळं ठरतं:

- विंडोज अपडेट किंवा एमओ यूएसओ कोअर वर्कर: तपासणी आणि तिचं वेळापत्रक. हे अडकलं असेल तर पायरी ४ ते ६.
- विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर: अपडेट बसतंय किंवा जुनं साफ होतंय. आधी थांबा, मग पायरी ७.
- मायक्रोसॉफ्ट कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री: पुढच्या विंडोजसाठी मशिन योग्य आहे का याची पाहणी. हिचा इलाज सर्वांत सोपा. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲप्लिकेशन एक्स्पिरियन्स या फोल्डरात ‘मायक्रोसॉफ्ट कम्पॅटिबिलिटी अप्रेझर’ आहे, तो डिसेबल करा.
- डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस: डॉट नेटचं अपडेट आल्यावर त्याच्या फाइली नव्याने संकलित होतात. आपोआप थांबतं, हात लावायची गरज नाही.
- ॲन्टीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल: डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. अपडेटने उलगडलेली प्रत्येक फाइल तो तपासत असतो, म्हणून दोघं जोडीनेच वर येतात.

याच ठिकाणी आणखी एक तपासणी करून टाका, कारण चोरून क्रिप्टोकरन्सी खणणारे व्हायरस ‘एसव्हीसीहोस्ट’ हे सर्व्हिस होस्टच्या फाइलचं नाव हमखास घेतात. नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा सर्व्हिस होस्ट विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये असतो आणि टीआयवर्कर विनएसएक्सएसच्या आतल्या लांबलचक नावाच्या फोल्डरात. फाइल ॲपडेटा किंवा टेम्पमध्ये निघाली तर पुढचं काही वाचू नका. विंडोज सिक्युरिटीमधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा.

पायरी २: काम चाललंय की अडकलंय

हा फरक कळला की निम्मं काम झालं. डिटेल्स टॅबमध्ये त्या प्रक्रियेचा सीपीयू आकडा पाच मिनिटं बघा. वरखाली होत असेल, १८, ३१, ७, ४०, तर काम चाललंय. एकाच आकड्यावर खिळलेला असेल तर तो आकडा काय आहे ते पाहा. प्रोग्रॅमचा एकच धागा (थ्रेड) एका कोअरवर गोल गोल फिरत राहिला की दोन कोअरच्या मशिनवर ५० टक्के दिसतं, चार कोअरवर २५, आणि आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या मशिनवर १२ ते १३. तुमच्या मशिनला किती लॉजिकल प्रोसेसर आहेत ते परफॉर्मन्स टॅबमध्ये लिहिलेलं असतं. १०० ला त्या संख्येने भागा. अर्धा-पाऊण तास नेमक्या त्याच आकड्यावर मुक्काम असेल आणि डिस्क, नेटवर्क दोन्ही जवळपास शून्य असतील, तर ते अडकलंय.

खात्री हवी असेल तर परफॉर्मन्स टॅबमधून रिसोर्स मॉनिटर उघडा. सीपीयू टॅबमध्ये संशयित प्रक्रियेसमोर खूण करून डिस्क टॅबवर जा. ती कोणती फाइल चाळतेय ते तिथे दिसतं. विनएसएक्सएसमधल्या फाइली भराभर बदलत असतील तर बसवणं चालू आहे. फिरून फिरून ‘डेटास्टोअर’ नावाचीच फाइल येत असेल तर अपडेटची नोंदवही फुगलीय किंवा बिघडलीय, तिला पायरी ६ लागते. आणि टेम्प फोल्डरात ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या फाइलींचा ढीग पडत असेल, तर तो एक वेगळाच रोग आहे, तोही पुढे येतो.

पायरी ३: वेळ द्या, पण योग्य वेळ द्या

मायक्रोसॉफ्टची महिन्याची सुरक्षा अपडेटं दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे भारतातल्या ऑफिसांना हा भार जाणवतो तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मशिन सुरू केल्या केल्या. महिन्यातल्या त्या एका सकाळी मशिन मंद असेल आणि दुपारपर्यंत ठीक होत असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एसएसडीवर हे अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तासही जातात.

दुसरं कारण आपल्या सवयीचं आहे. विंडोजची आपोआप देखभाल मुळात पहाटे २ वाजता ठरवलेली असते. आपल्याकडे दुकान, क्लास, ऑफिस बंद करताना मेन स्विचच खाली पाडतात. रात्रीचं काम मग रात्री होत नाही. दिवसा मशिन जरा रिकामं दिसलं की सुरू होतं, माऊस हलला की थांबतं, आणि असं अर्धवट कितीतरी दिवस रेंगाळतं. त्या बुधवारी रात्री मशिन चालू ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि स्लीप बंद करून. एका रात्रीत तुंबलेलं सगळं निघून जातं, हा बऱ्याच तक्रारींवरचा इलाज आहे.

सकाळी ‘शट डाउन’ करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन पूर्ण बंद करत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उठवतं, अडकलेल्या गोष्टींसकट.

पायरी ४: दोन क्षुल्लक कारणं

सी ड्राइव्हवर किती जागा आहे? फारच कमी असेल तर अपडेट उतरतं, उलगडायला जातं, जागा पुरत नाही, मागे फिरतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ आणि ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ काढा. याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्याच्या चौकोनात खूण नाही ना ते बघा, नाहीतर पावत्या, आधारच्या पीडीएफ सगळं जाईल. क्लीनअप चालू असताना टीआयवर्कर पुन्हा वर चढेल. ते साफसफाईचंच काम, चालू द्या.

दुसरं, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरतं, जोडणी होत नाही आणि तपासणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. सेल स्वस्त असतो, बदलायला पाच मिनिटं लागतात. मशिन बंद करून प्लग काढा, सेल टाकताना अधिक चिन्हाची बाजू वर, आणि सुरू झाल्यावर तारीख-वेळ तपासा.

पायरी ५: ट्रबलशूटर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ट्रबलशूट, अदर ट्रबलशूटर्स. विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, ट्रबलशूट, ॲडिशनल ट्रबलशूटर्स. ‘विंडोज अपडेट’ चालवा. फार आशा ठेवू नका, पण थांबलेली सर्व्हिस सुरू करणं, अडलेली रांग मोकळी करणं एवढं तो करतो आणि बिघडवत काही नाही.

पायरी ६: अपडेटची नोंदवही नव्याने सुरू करणं

तपासणी खरोखर अडकली असेल तर हाच मुख्य उपाय. विंडोज फोल्डरातल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’मध्ये उतरवलेली अपडेटं आणि त्यांची नोंदवही असते. ती बिघडली की प्रत्येक तपासणी तिथेच ठेचकाळते. फोल्डर पुसायचं नाही, नाव बदलायचं.

१. वायफाय बंद करा किंवा लॅनची केबल काढा. हे वगळलं तर थांबवलेली सर्व्हिस तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू होते.

२. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर सर्व्हिस’ या दोन्ही स्टॉप करा. ‘अपडेट ऑर्केस्ट्रेटर सर्व्हिस’ थांबत असेल तर तीही. स्टॉप फिकट दिसत असेल तर सोडून द्या.

३. सी ड्राइव्ह, विंडोज, ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’. नावापुढे टिंब देऊन ‘ओल्ड’ जोडा.

४. रीस्टार्ट करा. त्याच नावाचं कोरं फोल्डर आपोआप तयार होतं.

५. इंटरनेट जोडा, सेटिंग्जमधून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि उठून जा.

वरच्या यादीतल्या क्रमांक ३ वर ‘फोल्डर वापरात आहे’ असं आलं तर सर्व्हिसेसच्या खिडकीत परत बघा, विंडोज अपडेट पुन्हा चालू झालेली असते. ती थांबवून लगेच नाव बदला. तरी जमलं नाही तर सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींसह सुरू होतं ती अवस्था) करा. त्याआधी एक खबरदारी: नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह बऱ्याचदा एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला असतो आणि सेफ मोडला जाताना ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी खात्यात जाऊन लिहून घ्या, मगच सेफ मोड.

यानंतर दोन गोष्टी बघून लोक घाबरतात. अपडेट हिस्टरी रिकामी दिसते. बसलेली अपडेटं गेलेली नसतात, फक्त यादी नवी झालीय. आणि पहिली तपासणी नेहमीपेक्षा जास्त प्रोसेसर खाते, कारण सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. उपाय फसला असं समजून लगेच दुसरा करू नका, ही एक तपासणी पूर्ण होऊ द्या. आठवडाभर सगळं सुरळीत असेल तर ‘ओल्ड’ फोल्डर पुसून टाका, बरीच जागा सुटते.

कुणी सिस्टिम३२ मधल्या ‘कॅटरूट२’ या फोल्डरचंही नाव बदलायला सांगतं. त्याची गरज क्वचित पडते, आणि करायचंच असेल तर आधी क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस थांबवायला लागते. शेजारीच नुसतं ‘कॅटरूट’ नावाचं फोल्डर आहे, त्याला मात्र अजिबात हात लावायचा नाही.

पायरी ७: कोठाराची दुरुस्ती

एकच अपडेट पुन्हा पुन्हा उतरतं, बसताना मागे फिरतं आणि दरवेळी टीआयवर्कर तासभर तापतो, अशी लक्षणं असतील तर विनएसएक्सएस कोठारातच काहीतरी बिघडलंय. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा. खालच्या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या. तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा दाखवल्या तशाच.

DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth

ती संपल्यावर:

sfc /scannow

क्रम उलटा करू नका. एसएफसी बिघडलेली फाइल बदलताना चांगली प्रत याच कोठारातून घेते. कोठारच सडलेलं असेल तर ती काय देणार. पहिली आज्ञा मधेच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थांबते, ६२ च्या आसपास तर हमखास. खिडकी बंद करू नका, आकडा पुढे सरकतो.

डीआयएसएमला चांगल्या फाइली लागतात त्या ती विंडोज अपडेटकडूनच मागते. तेच आजारी असेल तर ‘सोर्स फाइल्स सापडल्या नाहीत’ म्हणून ती हात वर करते. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याच आवृत्तीची आणि भाषेची आयएसओ (विंडोजच्या पूर्ण डिस्कची एक फाइल) उतरवा, डबल क्लिक करून उघडा आणि तिच्यातला सेटअप फाइली व प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडून चालवा. विंडोज ११ असेल तर त्याहून सोपा रस्ता आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट’. हे चालू असलेल्या विंडोजवरच तीच आवृत्ती पुन्हा बसवतं; फाइली, प्रोग्रॅम, टॅलीचा डेटा जागेवर राहतो. बॅकअप मात्र घ्याच.

एखाद्याच अपडेटवर गाडं अडलं असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून हाताने उतरवूनही बसवता येतं. केबी क्रमांक (अपडेटचा ओळख क्रमांक) शोधा, तुमची विंडोज आवृत्ती आणि एक्स६४ (प्रोसेसरचा प्रकार) तपासा. एकत्रित असल्यामुळे बहुधा सगळ्यात ताजं एकच पुरतं; विंडोज ११ च्या २४एच२ पासून मात्र त्याच्या आधीचं ‘चेकपॉइंट’ अपडेटही लागू शकतं.

कॅब फाइलींचा ढीग

हा रोग कमी आढळतो, पण आढळला की मशिनचं पार वाटोळं करतो. अपडेट बसवणारा विभाग विंडोज फोल्डरातल्या लॉग्ज, सीबीएस इथे आपली नोंद लिहितो. नोंद मोठी झाली की विंडोज ती दाबून कॅब फाइल करतं. ती कधी २ जीबीच्या पुढे गेली तर दाबणाऱ्या प्रोग्रॅमला पेलत नाही. तो अर्धवट कॅब टेम्पमध्ये सोडून देतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेककॅब’ दिसतो, प्रोसेसर भरलेला आणि सी ड्राइव्ह रोज काही जीबींनी आटत जातो. सर्व्हिसेसमधून ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ थांबवा, सीबीएस फोल्डरातली ती अजस्र लॉग फाइल काढून टाका, मग विंडोजच्या टेम्प फोल्डरातल्या ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या फाइली पुसा, रीस्टार्ट करा. लॉग तशीच ठेवून नुसता टेम्प साफ केला तर दोन दिवसांत परत भरतो.

बाकीचे अपडेट तपासनीस

दोषी मायक्रोसॉफ्टच असतो असंही नाही. ब्राउझर, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम, प्रिंटर, लॅपटॉप बनवणारी कंपनी, प्रत्येकाचा स्वतःचा तपासनीस असतो आणि लॉगिन झाल्याबरोबर सगळे एकदम उठतात, एसटी फलाटाला लागल्यावर दारात होते तशी झुंबड. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. मग टास्क शेड्युलर लायब्ररी उघडून नावात ‘अपडेट’ असलेली कामं बघा. ट्रिगर्समध्ये ‘ॲट लॉग ऑन’ असेल तर ‘डिले टास्क फॉर’मध्ये ३० मिनिटं टाका, ‘रिपीट एव्हरी १ अवर’ असेल तर दिवसातून एकदा पुरे. ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ०एक्स०, म्हणजे काम नीट झालं, ०एक्स४१३०१, म्हणजे अजून चालूच आहे. सकाळी ९ ला सुरू झालेलं काम संध्याकाळीही तेच दाखवत असेल तर तो तपासनीस अडकलेला आहे. तो प्रोग्रॅम काढून नवी आवृत्ती बसवणं हे त्याच्या दुरुस्तीपेक्षा लवकर होतं. ब्राउझरचा तपासनीस मात्र बंद करू नका. बँकेचे व्यवहार ज्यातून करता तो जुना ठेवण्यात शहाणपण नाही.

दोन अँटिव्हायरस असतील, किंवा मुदत संपलेल्या ट्रायलचे अवशेष उरले असतील, तर अपडेटच्या प्रत्येक फाइलची दुहेरी तपासणी होते. एक ठेवा, दुसरा त्या कंपनीच्या स्वतःच्या रिमूव्हल टूलने काढा.

जे करू नये

टीआयवर्कर मधेच मारणं. अर्ध्या फाइली नव्या, अर्ध्या जुन्या, आणि पुढच्या बूटला ‘अनडूइंग चेंजेस’वर अडकलेला पडदा.

विंडोज अपडेट सर्व्हिस कायमची डिसेबल करणं. ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’ ती परत चालू करते, कारण तिचं कामच ते. मग माणसं अपडेट ब्लॉकरच्या मागे लागतात, आणि सुरक्षा अपडेटं बंद असलेल्या मशिनवर ओटीपी टाकत बसतात.

विनएसएक्सएसमधल्या फाइली हाताने पुसणं. साफच करायचं तर विंडोजला करू द्या: DISM /Online /Cleanup-Image /StartComponentCleanup.

त्याऐवजी जे चालतं ते असं. परीक्षेचे फॉर्म, रिटर्न भरायची शेवटची तारीख, अशा दिवसांत ‘पॉज अपडेट्स’ वापरा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ १८ तासांपर्यंत देता येतात. त्यांनी रीस्टार्ट टळतो, प्रोसेसरचा भार नव्हे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ करा, मोठी डाउनलोडं थांबतात. लॅपटॉप फारच तापत असेल तर ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करून टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद करता येतो. वेळ थोडा वाढतो, पंख्याचा आवाज बराच उतरतो.

दहा-वीस मशिनं एका ठिकाणी

क्लासमध्ये किंवा ऑफिसात सगळी मशिनं एकाच सकाळी मंद होत असतील तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ फक्त स्थानिक नेटवर्कपुरतं चालू करा आणि पॉजच्या तारखा मशिनागणिक वेगळ्या ठेवा. एकाने उतरवलेलं दुसऱ्याला मिळतं आणि सगळी एकदम भाराखाली येत नाहीत. डब्ल्यूसस सर्व्हर (मायक्रोसॉफ्टची अपडेटं ऑफिसातल्या मशिनांना वाटणारा) असेल तर दोष बहुधा त्याच्याकडे असतो: मोडीत निघालेली हजारो अपडेटं मंजूर अवस्थेत पडलेली असतात आणि प्रत्येक क्लायंट, म्हणजे त्याला जोडलेलं मशिन, ती सगळी चाळतो. ती डिक्लाइन करा, सर्व्हर क्लीनअप विझार्ड चालवा, डेटाबेसचा रीइंडेक्स करा. आयआयएस या वेब सर्व्हरमधल्या, डब्ल्यूसस ज्यात चालतो त्या ‘डब्ल्यूससपूल’ची मेमरी मर्यादा मूळची १८,४३,२०० केबी असते, म्हणजे जेमतेम पावणेदोन जीबी. ती ओलांडली की पूल रीसायकल होतो, क्लायंटची तपासणी अर्धवट तुटते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मर्यादा ४ ते ८ जीबी करा, रॅम असेल तेवढी.

विंडोज १० आणि ७ वाल्यांसाठी

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २२एच२ आवृत्तीवर घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटांची सोय आहे; सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. नोंदणी केलेल्या मशिनला वरचं सगळं तसंच लागू.

विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विकत मिळणारा वाढीव आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला. एखाद्या जुन्या प्लॉटरसाठी किंवा लॅबच्या यंत्रासाठी ते मशिन ठेवलं असेल, तर तिथे तपासणी बंद करणं हेच बरोबर आहे: कंट्रोल पॅनल, विंडोज अपडेट, चेंज सेटिंग्ज, ‘नेव्हर चेक फॉर अपडेट्स’. येण्यासारखं काही उरलेलं नाही, उगाच सर्व्हिस होस्ट का फिरवायचा. त्याबरोबर त्या मशिनची लॅन केबलही काढा आणि फाइली पेन ड्राइव्हने न्या. पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत मशिनवर तपासून घ्या.